केरसुणी हातात घेतलेली मालकीण

आक्का, माझी थोरली बहीण, नसती तर त्या दिवशी मी टोकियोच्या संग्रहालयात मान खाली घालून उभा नसतो. बार्शीतच कुठेतरी असतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमची कंपनी जुन्या डच चित्रांची सीडी-रॉम करत होती. चित्रांत राजेराण्या नव्हत्या. झाडणाऱ्या, सफरचंदं सोलणाऱ्या, पोरांच्या उवा काढणाऱ्या बायका होत्या. माझ्याकडे इंडेक्सिंग होतं. म्हणजे प्रत्येक चित्राला शब्द जोडायचे. तो शब्द टाइप केला की चित्र सापडतं.

सीडी छापण्याआधी टोकियोच्या त्या संग्रहालयातल्या चित्रतज्ज्ञ मोरिता-सान ती तपासणार होत्या. "त्यांनी नापास केलं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट गेलं," असं माझे बॉस देशमुख सर ट्रेनमध्येच बजावत होते.

मोरिता-साननी 'मालकीण' टाइप केलं. खुर्चीत बसून पत्र वाचणाऱ्या बायका आल्या. मग 'मोलकरीण' टाइप केलं. बाकीच्या सगळ्या आल्या.

"ही मोलकरीण कशावरून?" एका चित्रावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"झाडतेय ना," मी म्हणालो.

"जॅकेटला फर आहे. कमरेला घरभरच्या किल्ल्या आहेत. मोलकरणीकडे कोण देईल?"

मला किल्ल्या दिसल्याच नव्हत्या. केरसुणी दिसली आणि मी ठरवून मोकळा झालो होतो.

"तुमच्याकडे मालकिणी काम करत नाहीत का?" त्यांनी सहजच विचारलं.

वातावरण हलकं करायला सर हसले. "याच्या बहिणीला तरी आराम आहे. मी विचारलं तर म्हणाला, काही करत नाही, घरीच असते."

मी मान खाली घातली.

एकेक चित्र मोठं करून मी सगळे शब्द पुन्हा भरले. सीडी उशिरा निघाली. पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, पण इंडेक्सिंग दुसऱ्याकडे गेलं. बरोबरच होतं. कॉम्प्युटर चुकीचा शब्दही मुकाट्याने घेतो. बघायचं काम आपलंच असतं.

टोकियोतल्या त्याच आठवड्यात मी घरी पत्र टाकलं होतं:

ती. आक्कास, साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. इथे कोणी विचारलं की मी सांगायचो, बहीण घरीच असते. काल सरांना खरं सांगितलं, की तिची स्वतःची खाणावळ आहे आणि तिनेच मला शिकवलं. ते म्हणाले, आधी का नाही बोललास?

कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा तू कमरेला खोचायचीस. भाकरी थापायला बसलीस की तो वाजायचा. मी रोज समोरच जेवत होतो.

तुझा,
बाळू