बाबांच्या तवशाचं बी

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळपासून गच्चीवर ड्रम रिकामे करते आहे. वाळलेले वेल उपटले, माती ताडपत्रीवर पसरली. पाच महिने राबून हाती आल्या मूठभर मिरच्या आणि किडकी भेंडी. तवसं एकही नाही. तवसं म्हणजे आमच्या कोकणातली पावसाळी काकडी, हातभर लांब आणि मांडीएवढी जाड.

लग्न होऊन कल्याणला निघाले तेव्हा एस.टी.च्या टपावर ट्रंक चढली आणि बाबांनी खिडकीतून एक पिकलेलं तवसं माझ्या मांडीवर ठेवलं. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. म्हणाले, "रवा-गूळ घालून धोंडस कर, खा. बी मात्र धुऊन, वाळवून परत पाठव." नवऱ्याला वाटलं, सासरे थट्टा करताहेत. मी बी पाठवलं. पुढे दरवर्षी तवसं यायचं आणि बी परत जायचं. वाडीत कुणी मागितलं तर बाबा अख्खं कोवळं तवसं देत, बी देत नसत. "बी आपल्या घरात राहायला हवं," एवढंच उत्तर.

कल्याणच्या दोन खोल्यांत खिडकीतला ओवा सोडला तर हिरवं काही नव्हतं. त्याचं दुःखही नव्हतं. नळाला पाणी होतं, नोकरी होती, विहिरीवर कळशी घेऊन जायचं नव्हतं, हे सुख मोठं होतं. ठाण्यात बाळकुमच्या सोसायटीत आलो तेव्हा गच्ची मिळाली. पुढे बाबा गेले. गावी माकडांनी परसात काही टिकू दिलं नाही, तेव्हा दादाने भाजीचा नाद सोडला आणि उरलेल्या वीस बिया मला दिल्या. "आता तूच बघ. इथे लावणं म्हणजे माकडांना पंगत घालणं."

माकडांचा धसका मी इथेही घेऊन आले होते. इथे कबुतरं. बारा बिया लावल्या आणि मांडवाला चारही बाजूंनी बारीक हिरवी जाळी ठोकली, फट म्हणून ठेवली नाही. वेल माजले, फुलं भरभरून आली, बोटभर तवशी दिसली आणि पिवळी पडून गळाली. मी खत बदललं, पाणी कमी केलं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते गळतं असं आई म्हणायची, म्हणून शेजाऱ्यांवरही डोळे वटारून झाले.

गावी राहिलेल्यांनो, आता हसून घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलकाकू आज गच्चीवर मिरच्या वाळत घालायला आल्या. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची.

"ही जाली कवापासून?"

"जूनपासून."

"मंग माशी कशी शिरल गो आत? फुलाला माशी लागली नाय तं काकरी कशी धरल?"

मी जाळीकडे पाहिलं. कुंपण घालायला मला लहानपणीच शिकवलं होतं. मधमाश्या बोलवायची वेळ कधी आली नव्हती, त्या आपणहून येत.

"तुज्या पार्किंगचे जागेला आमच्या काकऱ्या व्हायच्या," काकू म्हणाल्या.

"बी ठेवलंत?"

"शेतच गेलं. बी काय लिफ्टमदी लावू?"

दोघी हसलो. मग मी वही घेऊन बसले. दोन ड्रम मेथी, दोन मुळा, कडेला लाल माठ, माश्यांसाठी झेंडू. जाळी यापुढे नाही. तवसं पुढच्या जूनमध्ये. बिया उरल्यात आठ. त्या गेल्या की बाबांचं तवसं संपलं, आणि सगळ्या एकाच बाईच्या हातात, जिने यंदा बारा घालवल्या. दादाला फोन केला.

"चार पाटीलकाकूंना देऊ म्हणते."

"बाबांना चाललं नसतं."

"बाबांना माकडंही चालली नसती."

तो बराच वेळ हसला. म्हणाला, "दे बाई."

तुमचं घर कुठलं, असं इथे कुणी विचारलं की मी इतकी वर्षं गावाचं नाव सांगत आले. आता वाटतं, पुढच्या जूनमध्ये काय लावायचं हे जिथे बसून ठरवते, ते माझं घर.

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी जाळी कापून काढली, मेथी पेरली आणि चार बिया कागदात बांधून तिसऱ्या मजल्यावर गेले. पाटीलकाकूंनी पुडी उघडून मोजल्या.

"चारच?"

"आधी या उगवून दाखवा."

त्यांनी पुडी मसाल्याच्या डब्यामागे सरकवली. मग काय वाटलं कोण जाणे, परत काढली आणि देवघरात नेऊन ठेवली. "हितं कुनाचा हात नाय लागत," म्हणाल्या, आणि चहाचं आधण ठेवलं. मी ऑफिसला उशिरा पोचले.