आवाजाचं कुणी काढलं नाही

आमच्या आवडत्या रॉक गायकाचा नवा अल्बम आला की आम्ही चौघं मित्र तो एकत्रच ऐकतो, आणि शेवटचं गाणं संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा कॉलेजपासूनचा नियम. यंदा मरोळला एकाच्या घरी जमलो. दुसऱ्याच गाण्यात कळलं, याचा आवाज गेलाय. पूर्वी जिथे तो जीव तोडून ओरडायचा, तिथे आता कोरसची पोरं गात होती आणि तो नुसता पुटपुटत होता.

अल्बम संपला. एक म्हणाला, ड्रम्स झकास आहेत. दुसऱ्याला कव्हर आवडलं. आजाऱ्याला भेटायला जाऊन खिडकीतून वारा छान येतो म्हणावं, तसं चाललेलं. माझं डोकं फिरलं.

"अरे, आवाजाबद्दल बोला ना कुणीतरी."

घरवाल्या मित्राने उठून त्या गायकाचा पहिला अल्बम लावला. जरा बरं वाटलं. कॉलेजात ज्या ओळीला ओरडायचो, तिथे आम्ही चौघंही उभे राहिलो आणि त्याच्याबरोबर ओरडायला गेलो.

वरच्या सुराला तो एकटाच पोचला. आम्ही खोकत खाली बसलो.