जॅकेटची चेन

"बॅज असला की झालं. आपल्याला पिस्तुलासाठी वेगळं परमिट कशाला? काय सनी, बरोबर ना?"

डेल यांनी हे विचारलं तेव्हा ते माझ्याकडे बघतही नव्हते. बिस्किटांवर, म्हणजे इथल्या मऊ पावांवर, ग्रेव्ही ओतत होते. रात्रपाळी संपवून आम्ही पाच-सहा जण नेहमीच्या डायनरमध्ये नाश्त्याला बसलो होतो. समोर केली नावाची मुलगी होती, नोकरीत नवी. विषय तिनेच काढला होता. "पण क्लासमध्ये सनी तर म्हणाला, बॅज म्हणजे लायसन्स नव्हे."

"ते तुम्हा बाळांसाठी," डेल म्हणाले, आणि मग तो प्रश्न मला विचारला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. होकारार्थी.

त्या मान हलवण्याबद्दल मी कितीतरी दिवस घरीही बोललो नाही.

मी अमेरिकेत, कॅरी शहरापासून तासाभरावरच्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जेलमध्ये डिटेन्शन ऑफिसर आहे. म्हणजे कैद्यांची राखण करणारा. आपल्या लोकांना हे पटकन पचत नाही. गणपतीच्या जेवणात एका काकांनी विचारलं होतं, "जेलचं सॉफ्टवेअर बघतोस वाटतं?" मी म्हणालो, "हो, तसंच काहीसं." मला 'नाही' म्हणता येत नाही, त्याचा हा एक पुरावा धरा.

सॉफ्टवेअर होतं, पूर्वी. मी नागपूरहून आलो तो त्यासाठीच. मग ले-ऑफ झाला. सिटिझनशिप नुकतीच मिळाली होती, मुलगी लहान, बायकोचं ऑपरेशन तोंडावर. काउंटीत जागा निघाल्या होत्या आणि इन्शुरन्स चांगला होता. वाटलं, सहा महिने करू. तिथेच केस पांढरे झाले.

मला घडवलं ते डेलनी. उंच, किंचित वाकलेले, बोलणं संथ. पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे डोळ्यांपेक्षा कान वापर. पॉडमध्ये गोंगाट आहे ना, मग सगळं ठीक आहे. शांत झालं की पळ." पॉड म्हणजे कोठड्यांचा एक विभाग. त्यांच्या त्या एका वाक्याने माझा जीव दोनदा तरी वाचला असेल. डायनरमध्ये मी काही बोलायच्या आत ते वेट्रेसला सांगायचे, "याच्या प्लेटमध्ये डुक्कर नको." बायको त्यांच्यासाठी चिवडा द्यायची. आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, असं मी एकदा बोलता बोलता सांगितलं. त्यानंतर प्रत्येक डबा परसातल्या झाडाचे पिकान, अक्रोडासारखे असतात ते, भरून यायचा. माझी मुलगी त्यांना डेलकाका म्हणायची. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण माझ्या मनात त्यांना कायम 'अहो' होतं. सगळा घोळ तिथेच झाला.

आता नियम. पुढे मी आमच्या जेलचा ट्रेनिंग ऑफिसर झालो, त्यामुळे तो सांगणं माझंच काम.

जेलच्या आत बंदूक नसते. सिनेमात असते. आम्ही ती दाराजवळच्या लोखंडी लॉकरमध्ये ठेवतो, किल्ली खिशात टाकतो आणि मग आत जातो. कारण आत नेलेल्या बंदुकीचा मालक केव्हाही बदलू शकतो. शेरीफ म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, डेप्युटी त्याचे पोलीस. डेप्युटी आणि आम्ही, युनिफॉर्म सारखाच तपकिरी. पण डेप्युटीला अटक करायचा अधिकार असतो, आम्हाला नसतो. म्हणून ड्यूटी संपल्यावर त्याने शर्टाखाली पिस्तूल ठेवलं तर चालतं. आम्ही ठेवलं तर आम्ही साधे नागरिक. आमच्या राज्यात पट्ट्याला उघडं पिस्तूल लावायला परमिट लागत नाही. ते झाकलं की लागतं. थोडक्यात, थंडीत जॅकेटची चेन वर ओढली की गुन्हा. हसू नका. क्लासमध्येही हसतात.

हे परमिट शेरीफचंच ऑफिस देतं, आमच्याच इमारतीत, एक जिना वर. क्लास करायचा, रेंजवर नेमबाजीची टेस्ट द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे. डेलचं परमिट केव्हाच संपलं होतं. आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. ते जिना चढत नव्हते.

पिस्तूल मात्र त्यांना खरोखर हवं होतं. सुटलेला एक कैदी त्यांना ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये भेटला होता. हसून म्हणाला होता, "तुझ्या पोर्चवरचा झोपाळा छान आहे." बास, एवढंच. त्या दिवसापासून डेल पिस्तूल लावून घरी जायचे. वरून जॅकेट.

हे मला माहीत होतं. तरी त्या टेबलावर, नव्या पोरांसमोर, त्या माणसाला 'तुम्ही चुकताय' म्हणायला माझी जीभ वळली नाही. मनात म्हटलं, नंतर एकटे भेटले की सांगू. एकटे ते रोज भेटत होते. आज सांगू, उद्या सांगू करत थंडी अर्धी सरली.

मग एका सकाळी घरी जाताना हायवेवर पोलिसांनी त्यांना थांबवलं. गाडीचा मागचा दिवा बंद होता. डेलनी स्वतःच सांगितलं, "ऑफिसर, जॅकेटखाली पिस्तूल आहे. मी काउंटी डिटेन्शनमध्ये आहे."

"परमिट?"

"नाही."

केस झाली. आमच्या कॅप्टनबाईंनी मला बोलावलं. "त्याला चालतं असं कोणी सांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "क्लासमध्ये मी सगळ्यांना नियम सांगितला होता, मॅडम."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये केली उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कॉफीच्या मशीनकडे वळली. डेलना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कोणी काही सांगितलं नाही. माझा मूर्खपणा." कोर्टात केस पुढे रद्द झाली, पण काउंटीने राजीनामा घेतला. आमच्याकडे निवृत्तीच्या दिवशी त्या माणसाचा नंबर रेडिओवर शेवटचा पुकारतात. सगळी इमारत हातातलं काम थांबवून ऐकते. डेलचा पुकारला गेला नाही. ते मागच्या दाराने गेले, खोक्यात थर्मास आणि बूट घेऊन.

मी त्यांच्याकडे गेलो नाही. वर्ष उलटून गेलं. फोन हातात घ्यायचो, ठेवून द्यायचो. शेवटी बायको म्हणाली, "अहो, माझा मोठा स्टीलचा डबा डेलकडे राहिलाय. तुमचं काय बिनसलंय मला माहीत नाही, पण डबा आणा."

डेल त्याच झोपाळ्यावर बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. डायनर, मान, कॅप्टन, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. "झालं?"

"मी मान हलवली म्हणून तुम्ही..."

"सनी, मला 'नाही' ऐकायचं असतं तर मी त्या नव्या पोरीला विचारलं असतं." त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "हे तेव्हाच सुरू झालं होतं. परमिट काढायचं म्हणजे रेंजवर जायचं. पोरांसमोर नापास व्हायचं. तू मला तोंडावर नाही म्हणणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक होतं."

"मग कॅप्टनला माझं नाव का नाही सांगितलंत?"

"तुझा फायदा मीच घेतला. वर तुलाच पकडून देऊ?" झोपाळा थोडा हलला. "पण नंतर तू यायला हवं होतंस. पिकान दोनदा भरले डब्यात. दोनदा खवट झाले."

डबा घेऊन मी घरी आलो.

सोमवारी मी कॅप्टनकडे गेलो. "त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं होतं, मॅडम." त्यांनी ऐकलं, दार लावलं, आणि मग जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला लेखी ताकीद मिळाली, काही महिने क्लास काढून घेतला. परत दिला तो एका अटीवर, की प्रत्येक क्लासची सुरुवात याच गोष्टीने करायची. डेलची नोकरी काही परत आली नाही. राजीनाम्याच्या जागी 'निवृत्त' एवढं मात्र लिहिलं गेलं. आणि एका दुपारी त्यांचा नंबर रेडिओवर पुकारला. डेल घरी होते. केलीने आपला फोन रेडिओजवळ धरला. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

या वसंतात परमिटच्या क्लासला डेल आले. नागरिक म्हणून, फी भरून. शेवटच्या रांगेत बसून त्यांनी स्वतःचीच गोष्ट ऐकली. मध्येच हात वर करून म्हणाले, "ग्रेव्ही नव्हती, जॅम होता." मला अजूनही ग्रेव्हीच आठवते.

मग रेंज. मी लक्ष्याचा कागद काढून आणला. भोकं कडेकडेनं पसरली होती. काही बाहेर. मागे दहा-बारा जण उभे. डेलनी विचारलं, "काय सनी? झालं ना?"

माझ्या मानेला जुनी सवय होती. मी ती धरून ठेवली.

"नाही, डेल. तुम्ही नापास."

ते हसले. पूर्वी मी पॉडमध्ये पहिल्यांदा एकट्याने दार सांभाळलं तेव्हा हसले होते तसे. "जमलं तुला," म्हणाले.

पुढे डॉक्टरांनी हातासाठी गोळ्या दिल्या. दोन्ही हातांनी धरून नेम धरायचा सराव आम्ही रविवारी करायचो. दुसऱ्या वेळी ते काठावर पास झाले. घासून, पण पास. मी मार्क वाढवलेले नाहीत. जिना चढून त्यांनी परमिट घेतलं.

नोकरीतल्या लोकांना माझा सल्ला एवढाच. जॅकेटची चेन लावण्याआधी नियम विचारा. आणि ज्याला विचारताय तो तुम्हाला तोंडावर नाही म्हणू शकतो का, ते आधी बघा.