खंडेनवमीला राहिलेला पत्रा

दुपारचं जेवण उरकून शेडमध्ये विमानाच्या पंखाखाली चटई टाकते. डोळा लागतोय न लागतोय, तोच रमाकांतदादा शेपटाकडून वाकत येतो. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. तोंडावर ते सांगणं बरं दिसत नाही, म्हणून मी नुसती सरकून जागा करते.

तो बसत नाही. शेपटाची झडप वरखाली करणाऱ्या लिव्हरवर अंगठा फिरवतो.

"निमे, इथं अजून पत्रा नाही?"

"कापून ठेवलाय. हात धजत नाही."

हे विमान आम्ही भावाबहिणींनी घरीच बांधलेलं. त्या खंडेनवमीला त्याला या लिव्हरच्या मुळाशी केसाएवढी चीर दिसली. वरून पत्रा जोडून टाकतो म्हणाला. मी हत्यारांची पूजा मांडून बसलेली. म्हटलं, आज हत्याराला हात लावायचा नाही, उद्या बघू. दसऱ्याला सकाळीच तो 'एक फेरी मारून येतो' म्हणून उडाला, आणि तो जोड हवेतच तुटला. नंतर मोडलेलं सगळं मी पुन्हा उभं केलं, नवा लिव्हरही केला, जुन्याच मापाचा. भंगारातल्या नळ्या जाळून जाळून वेल्डिंग शिकले. उशिरा आलेली अक्कल भारी मेहनती असते.

"तू ऐकलंस कशाला?" मी म्हणते. "जन्मात कधी माझं ऐकलं होतंस?"

"तेच ना. म्हटलं, एकदा ऐकून बघावं."

तो हसतो. मला जमत नाही. शेड आता आईचं स्वयंपाकघर आहे, लिव्हर पोळपाटावर आणि चुलीतून वेल्डिंगची निळी ज्योत. दादा पत्रा बसवून बघतो.

"केतकीला काय सांगितलंस?"

केतकी त्याची मुलगी. रविवारी हे विमान तीच उडवणार आहे.

"जोड तुटला, एवढंच."

"आणि आत्या नको म्हणाली तरी पत्रा लावायचा असतो, हे तिला कोण सांगणार? मी?"

तो पत्रा माझ्यापुढे करतो.

"धर. तापला तरी सोडू नकोस."

धरते. तापतो. सोडत नाही.

जागी होते तेव्हा ऊन कललेलं. लिव्हर तसाच, उघडा. माझ्या अंगठ्यावर मात्र टपोरा फोड.

केतकी चहा घेऊन येते. "आत्या, गॅसची टाकी तर बंद आहे. भाजलं कशानं?"

"बस," मी म्हणते. "तुझ्या बाबाला नवमीलाच पत्रा लावायचा होता. मी लावू दिला नाही."

ती बसत नाही. कपही खाली ठेवत नाही.

"पुढं सांग," म्हणते.