तळहाताखालचा पाऊस

वाळूच्या पेटीवर तळहात धरला की त्याखाली पाऊस पडायचा. मुंबईतल्या एका प्रदर्शनात मी हे पहिल्यांदा पाहिलं. पाऊस खरा नव्हता, वर टांगलेल्या प्रोजेक्टरमधून येणाऱ्या निळ्या रेघा होत्या. पण त्या वाळूवर उतार शोधत वाहायच्या आणि जिथे खड्डा असेल तिथे तळं साचायचं. बोटानं काठ फोडला की तळं पुढच्या खड्ड्यात ओघळायचं. माणूस वाळूत काय करतो आहे ते वरचा एक कॅमेरा सतत बघत असायचा आणि पाणी त्याप्रमाणे वागायचं.

मला तिथे मुलगी घेऊन गेली होती. ती नवी मुंबईत डिझाइनचं काम करते. पाहुण्यांनी विचारलं की मी 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं सांगून सुटका करून घ्यायचो. त्या दिवशी रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला उतरलो तेव्हाही माझा अंदाज होता की भिंतीवर चित्रं असतील आणि तासाभरात बाहेर पडू. चित्रं होतीच. जवळ गेलं की मान वळवणारी कागदी फुलं होती, पाय ठेवला की सूर काढणारी फरशी होती. मी मात्र त्या पेटीपाशी उभा राहिलो तो मुलीनं दोनदा बोलावलं तरी हललो नाही.

परतीच्या लाँचमध्ये तिनं विचारलं, "पप्पा, गप्प का?"

"त्या पेटीची लांबी-रुंदी किती असेल?"

"मलाच विचारता? वीत लावून मोजत होतात तुम्ही. तिथला पोरगा हसत होता."

मी मोजली होती, हे खरं. माझं काम वजनकाट्यावर. भरलेली गाडी येते, तिचं वजन घ्यायचं, रिकामी परत आली की पुन्हा घ्यायचं आणि वजाबाकी करायची. या कामात काही सुचावं लागत नाही, उलट सुचलं तर घोटाळा होतो. सुचणं म्हणता येईल असं मी वर्षातून एकदाच काही करायचो. गणपतीला घरी हलता देखावा. जुन्या जीपच्या वायपरच्या मोटारीवर डोलणारी होडी, वर-खाली होणारं जाळं. बायको म्हणायची, "बाप्पापेक्षा मोटारीचाच आवाज जास्त." पण मोटारीची होडी कुणी बघो न बघो, डोलतच राहते. ही वाळू हात बघून उत्तर देत होती. लाँच धक्क्याला लागेपर्यंत मी ठरवलं होतं की यंदा घरात मिठागर करायचं.

मुलगी म्हणाली, "आमच्याकडे आधी विचारतात, कोणासाठी? काय करायचं ते नंतर."

"गणपतीसाठी," मी म्हणालो. ते अर्धंच खरं होतं. ती पेटी मला माझ्या वडिलांसाठी हवी होती.

बाबांचं सगळं आयुष्य मिठागरावर गेलं. आमचं गाव रेवसच्या अलीकडे, खाडीला लागून. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, बांध घालून कोंडायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीनं ओढून रास करायची. आता त्या मिठागरावर भराव पडला आहे आणि तिथे ट्रेलर उभे असतात. बाबांच्या मात्र हे लक्षात राहत नाही. गेल्या काही वर्षांत त्यांच्या डोक्यातून बरंच काही गेलं, सून कोण, नात कोण, जेवण झालं की नाही. मिठागर मात्र राहिलं.

रोज ते विचारायचे, "आज तिथ कुठली?"

सांगितलं की मनातल्या मनात तिथीची पाऊणपट करायचे. आमच्याकडे भरतीची वेळ अशीच काढतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला पाणी भरणार. मग त्या वेळेच्या बेतानं ते चप्पल न घालता निघायचे, पाणी आत घ्यायला. म्हणजे बाबा घराबाहेर कधी पडणार हे मला पंचांग बघून आदल्या दिवशीच सांगता यायचं. पण सांगता येऊन काय उपयोग? त्या वेळी मी काट्यावर असायचो. वाटेत मोठा रस्ता आहे. एकदा एका ट्रेलरवाल्यानं त्यांना आणून सोडलं. "काका, म्हातारा मधोमध उभा राहून काहीतरी ओढत होता," तो म्हणाला. "मी ब्रेक मारला म्हनून."

तेव्हापासून दाराला बाहेरून कडी लागली. भरतीच्या वेळी बाबा दार हलवायचे.

"कडी कोनी लावली रं?"

"वाऱ्यानं लागली, बाबा," बायको आतून सांगायची. वाऱ्यानं बाहेरची कडी लागत नाही हे त्यांना कळत असे की नाही, कोण जाणे. मला ती कडी काढायची होती. बाबा आपण होऊन घरात राहावेत, एवढंच मला त्या पेटीकडून हवं होतं.

पेटी आम्ही बापलेकीनं मिळून केली. प्लायवूड, खाडीकाठची बारीक वाळू, कुणीतरी टाकून दिलेल्या व्हिडिओ गेमचा कॅमेरा, जुना प्रोजेक्टर. मुलगी शनिवारी यायची आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसायची. मी वाळूत वाफे आखायचो. एका बाजूनं निळं पाणी चढेल, बांध फोडला की वाफ्यात शिरेल, बांध घातला की थांबेल, आणि कोंडलेलं पाणी हळूहळू फिकट होत पांढरं होईल असं तिनं बसवलं. भरती कधी आणायची म्हणून तिनं विचारलं तेव्हा मी तिला पाऊणपटीचं गणित सांगितलं. तिला ते इतकं आवडलं की तिनं तिथीच प्रोग्राममध्ये घातली.

"आणि पाऊस?" तिनं विचारलं. "तळहाताचा? ठेवायचा ना?"

"ठेव. पोरांना तेच आवडेल."

मलाही तेच सगळ्यात जास्त आवडलं होतं. आम्ही दोघंही मिठागरवाल्याच्या घरातली, पण मिठागरात पाऊस ठेवताना आमच्यापैकी एकालाही काही खटकलं नाही.

गणपती बसले. संध्याकाळी आरतीनंतर पेटीभोवती पोरांची रांग लागायची. तळहात पुढे, पाऊस, ओरडाआरडा. शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, माझी गाडी आत बसंल का? फुकट धुवून निघंल." बाबा तोवर जेवून आतल्या खोलीत आडवे झालेले असायचे. त्यांची वेळ दुपारची.

पहिल्या दुपारी मी रजा काढून घरीच थांबलो होतो. बाबा पेटीपाशी आले, बराच वेळ नुसते बघत राहिले. पाणी चढायला लागलं तशी त्यांनी बोटानं बांधाला वाट करून दिली. वाफा भरला. त्यांनी ओंजळभर वाळू ओढून वाट बुजवली आणि वरून बोटांनी थापटली. पाणी थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बांद धरतो," ते म्हणाले.

मी त्यांना स्टूल दिलं आणि एका लाकडी पट्टीला काठी ठोकून छोटी फळी करून दिली. गौरी आल्या, गौरी-गणपती गेले, पेटी हॉलमध्येच राहिली. बाबा भरतीच्या वेळेला तिथे येऊन बसायचे. कडी काढलेली होती. मी काट्यावरून फोन करायचो तेव्हा बायको म्हणायची, "दार उघडं हाय, म्हातारा घरात हाय. पावला तुमचा देखावा." गाड्यांची वजनं घेता घेता मला नव्या कल्पना सुचत होत्या. राशीवर पेंढा घालता आला तर? बगळे आणता आले तर? त्या मी मुलीला मेसेज करून कळवायचो आणि ती उत्तरादाखल अंगठे पाठवायची. इतक्या वर्षांत आम्हा दोघांचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एक दिवस माझी सुटी होती. बाहेर भाद्रपदाची संततधार. बाबांनी त्या दिवशी पाणी फार नीट कोंडलं होतं आणि संबंध वाफा पहिल्यांदा काठोकाठ पांढरा झाला. त्यांनी फळी बाजूला ठेवली.

आमच्या घरची एक रीत होती. हंगामातलं पहिलं मीठ धरलं की लगेच फळी लावायची नाही. आधी त्यावर हात धरायचा, लहान मुलाच्या डोक्यावर धरावा तसा, पण न टेकवता. मग ओढायचं. मी लहानपणी हे कितीदा पाहिलं होतं. बाबांनी हात पुढे केला तेव्हा मला ते आठवलं, पण मी स्टुलापासून दोन पावलं लांब होतो.

तळहाताखाली पाऊस पडू लागला. पांढरं विरघळलं, वाफा निळा झाला, पाणी बांधावरून गेलं. बाबांनी हात झटकन मागे घेतला. रेघा थांबल्या. त्यांनी तळहात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग पुन्हा तसाच वाफ्यावर धरला. पुन्हा पाऊस.

"मीठ गेलं," ते म्हणाले.

"बाबा, ते खोटं आहे. वर दिवा आहे, दिव्याचं आहे ते." मी घाईनं प्रोजेक्टर बंद केला. पेटीत नुसती वाळू उरली.

"पानीबी गेलं."

मी दिवा पुन्हा लावला. पुन्हा बंद केला. काय केलं म्हणजे बरं होईल ते मला कळेना. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. पत्र्यावर धो धो चालू होतं.

"तो बग पाऊस. थांबत नाय," ते म्हणाले. त्यांनी उजवा हात मिटला आणि डाव्या काखेत घातला.

तो हात त्यांनी परत उघडला नाही. जेवताना बायको किंवा मी भरवतो. आंघोळीच्या वेळी बोटं सोडवायला गेलं तर ते जोर लावतात, आणि ज्या माणसानं जन्मभर फळी ओढली त्याची मूठ या वयातही मला उघडता येत नाही. माझं एक बोट कसंबसं मुठीत जातं, तेवढ्यावरून मी पाणी सोडतो आणि कपड्याचं टोक घालून पुसतो. डॉक्टरांनी पाहिलं. हाताला काही झालेलं नाही, म्हणाले, पडेल विसर, यांना काय लक्षात राहतंय. सगळं विसरलेला माणूस नेमकं एवढंच विसरत नाही.

मुलगी शनिवारी आली. आल्या आल्या तिनं प्रोग्राममधला पाऊस काढून टाकला. मग बाबांसमोर बसून आपला तळहात वाफ्यावर धरला. "बघा आजोबा, नाही पडत. आता तुम्ही धरा."

बाबांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "तुजा हात चांगला हाय, बाय," ते म्हणाले.

ती उठून मागच्या पडवीत गेली. मी गेलो तर म्हणाली, "पप्पा, आमच्याकडे हेच पहिलं शिकवतात. वापरणाऱ्याचे हात बघा, म्हणतात. मी नुसती वाळूच बघत राहिले." मी तिला सांगितलं की रीत मला माहीत होती, तिला नव्हती. त्यानं तिला बरं वाटलं असं दिसलं नाही. पेटी तिनं झाकून ठेवली. वाळू अजून आत आहे. खाडीवर नेऊन टाकायची म्हणतो, पण बाबांच्या डोळ्यांदेखत ती उचलायची कशी ते ठरत नाही.

कडी त्यानंतर लावावी लागली नाही. बाबा दाराकडे जातच नाहीत, तिथी विचारत नाहीत. बायको मधे मधे दार सताड उघडून ठेवते आणि लांबून बघते. मला जे हवं होतं ते अगदी तसंच झालं आहे, बाबा आपण होऊन घरात आहेत. जायचं कशाला, मीठ तर गेलं.

आता पाऊस संपला आहे. पंचांग बघायची माझी सवय काही जात नाही. सुटीच्या दिवशी भरतीच्या आधी, ऊन असतानाच मी दार उघडतो आणि बाबांच्या शेजारी बसतो.

"बाबा, आज अष्टमी."

पाऊणपट मीच करतो.

"पाणी सहाला."

मूठ काखेत तशीच. थोड्या वेळानं ते दाराकडे बघतात, आणि दर वेळी मला वाटतं, उठले.

"दार लाव," ते म्हणतात. "पाऊस आत येल."

बाहेर कार्तिकातलं कोरडं ऊन असतं. मी उठून दार लावतो. कडी घालत नाही.