बॅटरीवरचा मुराळी

नागपंचमीला लेकीला सासरहून माहेरी आणायला जो जातो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. माझ्या धाकट्या बहिणीचा मुराळी मीच. पण दोन पंचम्या मला कुणी बोलावलंच नव्हतं. आमच्या वास्तुशांतीला सगळ्या पाहुण्यांना फेटे बांधले आणि नेमका तिच्या सासऱ्यांना बांधायचा राहिला. ते जेवले नाहीत, भांडलेही नाहीत. गाडीत बसून मलकापूरला निघून गेले, आणि त्यानंतर सुनेला त्यांनी माहेरी पाठवलं नाही. आमची आई दोन्ही पंचम्यांना दारात बसून राहिली होती.

या वर्षी त्यांचा निरोप आला, मुराळी पाठवा. घरात सगळ्यांना हायसं वाटलं आणि लगेच माझ्यावरून वाद सुरू झाला. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात दोनदा महापुराचं पाणी आलं होतं. दुसऱ्यांदा गाळ उपसताना माझं डोकं फिरलं आणि मी हवा बिघडवणारी पेट्रोलची मोटार विकून बॅटरीवरची स्कूटर घेतली. तेव्हापासून मी जरा जास्तच शहाणपणा शिकवतो असं बायकोचं म्हणणं आहे. ती म्हणाली, एक दिवस भाड्याची गाडी केल्यानं नदी काही घरात शिरत नाही. मी हट्टाला पेटलो. मलकापूरपर्यंत बॅटरी आरामात जाते, जेवण होईपर्यंत तिथं चार्ज करायची आणि परत यायचं, असा माझा चोख हिशेब होता.

जाताना काही अडचण आली नाही. रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं गेलेली. त्या उघड्या रस्त्यावरून आवाज न करणारी गाडी चालवताना मला आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं. मलकापुरात पुढच्या सोप्यातल्या बोर्डाला गाडी चार्जिंगला लावली आणि जेवायला बसलो. पहिला घास घेतला तोच लाईट गेली. जेवण झालं, पान झालं, चहा झाला, तरी ती आली नाही.

सासरे गाडीभोवती एक चक्कर मारून आले. बहीण बॅग घेऊन उंबऱ्यात उभी होती. चतुर्थी होती, तिचा भावाचा उपास होता, म्हणजे माझ्यासाठीच ती सकाळपासून चहावर होती. सासऱ्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "पावणं, गाडी कसलीबी असू द्या. दिवं लागायच्या आत पोचल्याचा फोन आला पायजे. न्हाय आला, तर मी जीप घिऊन येतो आन् सुनंला माघारी नेतो."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आणि मग गड्याकडून त्यांनी अर्धं पोतं तांदूळ माझ्या पायापाशी ठेववला. लेकीबरोबर रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही तिकडची रीत. बॅटरी निम्म्यावर आलेली, मागं बहीण, तिची बॅग आणि पुढं हे पोतं. नको म्हणावं असं तोंडावर आलं होतं. पण एक फेटा चुकला तर दोन वर्षं गेली होती, तांदूळ नाकारला तर किती जातील, या विचारानं मी पोतं पायांत घेतलं. पाय फाकवून गाडी सुरू केली.

समोरून वारा होता. स्कूटरच्या पडद्यावरचा आकडा मी इतक्या वेळा पाहिला की बहिणीनं मागून विचारलं, रस्त्याकडे बघतोस का तिकडं. मी तिच्यावर खेकसलो. बांबवड्यापर्यंत आकडा इतका खाली आला होता की वाघबिळाचा चढ या ओझ्यासकट चढणं शक्यच नव्हतं. चहाच्या टपरीवर प्लग मागितला. तिथंही लाईट नव्हती. पावसाची भुरभुर सुरू झाली. आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. पोतं इथंच टपरीवर ठेवू, उद्या नेऊ, असं मी म्हणून पाहिलं. बहिणीनं मान हलवली. मामंजी फोनवर सगळ्यात आधी तांदळाचं विचारतील, म्हणाली.

तेवढ्यात मलकापूरकडून कोल्हापूरची एसटी आली. मी काही बोलायच्या आत बहिणीनं रस्त्यावर जाऊन हात केला आणि मला म्हणाली,

"मी जातो यष्टीनं. पोतं वर चढवून दे."

मुराळ्याला सोडून लेक एकटी माहेरी आली, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. मी तसं म्हणालोही. कंडक्टर ओरडत होता. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मुकाट्यानं पोतं उचललं.

पावसात भिजू नये म्हणून फोन डिकीत टाकला आणि मी एकटा निघालो. चढावर गाडी माणसाच्या चालीनं चालली. आकडा तांबडा झाला, तेव्हा उतरून चालत ढकलली. मागून येणारे ट्रक चिखल उडवत जात होते, आणि पर्यावरणाबद्दल मी आजवर लोकांना ऐकवलेलं सगळं मला आठवत होतं. उतारावर बॅटरीत थोडा जीव आला. केर्लीपाशी दिवस मावळायला आला होता. शिवाजी पुलावर आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले. सगळं संपलं असं मला वाटलं. जीप एव्हाना निघाली असेल, आई दारात असेल, आणि पंचमीच्या सकाळी झोका रिकामाच राहील.

गल्लीच्या तोंडाशी बहीण पोत्यावर बसलेली दिसली. केसांतून पाणी ठिबकत होतं, ओठ सुकले होते, मांडीवर फोन वाजत होता. घर चार दारं सोडून होतं, तरी ती आत गेली नव्हती.

"उचलला का नाहीस?" मी गाडीवरूनच विचारलं.

"तुला चारदा लावला. तू उचलंनास. ट्रकाखाली गेलास का कुठं पडलास, काय ठावं? तुला बघितल्याबगर मामंजींस्नी काय सांगू, आन् आईला काय?"

मी दिवसभर आकडा बघत होतो आणि ती उपाशीपोटी माझी वाट बघत होती. फोन पुन्हा वाजला. आता तिनं तो उचलला. दोघं बरोबरच पोचलो म्हणून सांग, अशी खूण मी केली. ती तिनं पाहिली.

"पोचलो, मामंजी. यष्टीनं आलो मी. दादाची गाडी चढत नव्हती, आत्ता आलाय." मग माझ्याकडे बघत, "एकटीनंच आलो. तांदूळ कोरडा हाय."

जीप काढतोय म्हणतात की काय, म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग म्हाताऱ्यांनी विचारलेलं मलाही ऐकू आलं. उपास सोडला का, एवढंच.

तिनं फोन ठेवला. मला एकदम राग आला. एसटीचं कशाला सांगितलंस, म्हणालो. ती उठली, पदर पिळला.

"यष्टी रोज दारावरनं जाती, दादा. दोन पंचम्या मी दारात उभारून बघत ऱ्हायलो तिच्याकडं. पुढच्या खेपंला तू येऊ नगंस. मी येतो माझी."

तिनं पोत्याचा एक कान धरला, दुसरा मला धरायला सांगितला. घराच्या दारात आई उभी होती.