छबूबाई आणि तिची विहीण

अश्विनीला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली, तेव्हा घोडेगावात जो तो एकच सल्ला देऊ लागला, माहेरी धाडून द्या. सासू छबूबाई मात्र ऐकेना. “माझ्या घरात आजारी पडली, माझ्याच घरात बरी हुईल,” म्हणाली आणि सुनेला नगरला, सावेडीतल्या मनाच्या आजारांच्या दवाखान्यात घेऊन आली.

मुलगा करण दुधाच्या टेम्पोवर. त्याला खाडा करता येईना, म्हणून सोबतीला छबूबाईच राहिली. अश्विनी ताट ढकलायची. “आत्या, यात काहीतरी घातलंय.” छबूबाई आधी शपथा घ्यायची, मग चिडायची आणि शेवटी बाहेर येऊन पदर तोंडात धरून रडायची.

जया सिस्टरनी तिला तसं पाहिलं आणि त्या शेजारी बाकावर बसल्या. “मावशी, वाद घालू नका. आवाज तिला खरंच ऐकू येतात. पण तिच्या हो ला हो पण करू नका. तुला भीती वाटतेय, मी जवळ आहे, एवढंच म्हणा. आणि आळीपाळीनं राहायला कुणीतरी बघा. तुम्हीच अंथरूण धरलंत तर कसं व्हायचं?”

कुणीतरी म्हणजे मिरजगावची विहीण, भागूबाई. लग्नात मानपानावरून दोघींचं वाजलं होतं, तेव्हापासून अबोला. छबूबाईने मन घट्ट करून फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने भागूबाई आली. ‘माझ्या लेकीचं काय केलंत?’ हे ऐकायची छबूबाईची तयारी होती. भागूबाईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती विहिणीकडे वळली.

“दुसऱ्या कुनी माज्या दारात आनून सोडली असती. तुमी धरून बसलात. आता घरी जा विहीनबाई, निजा. मी बसते.”

सिस्टरनी शिकवलेलं सगळं तिला समजावून छबूबाई घरी गेली आणि दिवस मावळेपर्यंत झोपली.

मग आळीपाळी सुरू झाली. औषधं लागू पडत गेली. एका दुपारी दोघी जवळ असताना अश्विनी घास खाऊन म्हणाली, “आत्या, भाजी लई आळणी झालीय.” एरवी छबूबाईने आठवडाभर तोंड फुगवलं असतं. आज मात्र दोघी विहिणी डोळे पुसत हसत सुटल्या.

घरी सोडलं त्या दिवशी छबूबाई जया सिस्टरना म्हणाली, “तिला बरी केलीत, ते तर हायेच. पन तुमी माज्याजवळ बी बसलात.”

गोळ्या अजून चालू आहेत. तपासणीला अश्विनीसोबत कधी सासू जाते, कधी आई.